कोरड्या पायांनी टाकलेला गळ

आण्णांच्या गळाच्या काठ्या घेवड्याच्या वेलाखाली रोवलेल्या दिसल्या आणि मी अंगणातच थबकलो. चार काठ्या होत्या. पिकलेल्या बांबूच्या, चुलीच्या धगीवर शेकून सरळ केलेल्या, वर्षानुवर्षं तेल पाजलेल्या. लहानपणी त्यांना नुसता हात लावला म्हणून मी मार खाल्लेला आहे. आता त्यांच्यावर घेवडा चढला होता, आणि आण्णा कट्ट्यावर नदीकडे पाठ करून बसले होते.

आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत टेलिफोनची तार अंथरणाऱ्या तुकडीत होते, हवालदार होऊन पेन्शनीत आले आणि कराडच्या खालच्या अंगाला कृष्णाकाठी आमचा थोडका ऊस बघू लागले. पण गावात त्यांची ओळख ना फौजेची, ना उसाची. त्यांची ओळख मरळ माशाची. मी तेव्हा, सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत, माधवनगरला एका कापड गिरणीत वाइंडिंग खात्यात होतो. म्हणजे दिवसभर कांड्यांवर सूत गुंडाळायचं. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी पॅसेंजरनं घरी यायचं.

काठ्यांना ही अवकळा का आली ते सांगतो. आमच्या रानाच्या टोकाला एक ओढा नदीला मिळतो आणि तिथं डोह आहे. डोहाच्या पलीकडच्या उभ्या दरडीतून एक उंबर पाण्यावर वाकलेला आहे. उंबरं टपाटप पाण्यात पडतात, ती खायला बारकी मासळी येते आणि मासळी खायला मरळ येतो. दरडीवरून खाली उतरायला वाट नाही. म्हणून आण्णा अलीकडून कमरेएवढ्या पाण्यात शिरायचे, काठी लांबवायचे आणि बरोब्बर उंबराच्या सावलीत गळ सोडायचे. आदल्या वर्षी शेवाळावरून त्यांचा पाय घसरला, गुडघा पिळवटला, आणि दोन गुराख्यांनी त्यांना धरून बाहेर काढलं. त्या दिवशी आईनं दारातच त्यांना अडवलं होतं.

"माजी शपथ हाय तुमास्नी. पुन्यांदा त्या पान्यात पाय घालायचा न्हाई."

आण्णा फौजेतले. शपथ म्हणजे शपथ. काठावर बसून दोन बोटांची मासळी धरणं त्यांना कमीपणाचं वाटे, तेव्हा त्यांनी नदीवर जाणंच सोडलं. मग सकाळपासून कट्ट्यावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसायचं, चहा गोड झाला म्हणायचं, दुसऱ्यांदा केला की अगोड झाला म्हणायचं. आई मला म्हणाली, "शपथ घातली ती चुकलं का काय कळंना बग. मानूस जित्ता ऱ्हायला, पर घरात न्हाई."

मी सोमवारच्या गाडीनं परत आलो ते डोक्यात एकच घेऊन. आण्णांना नदीवर न्यायचं, आणि आईची शपथही राहिली पाहिजे.

उपाय सापडला सांगलीच्या घाटावर. तिथं एक गृहस्थ पायात बूट-मोजे घालून पायरीवर उभे होते. हातात आखूड काठी, काठीला रीळ. मनगटाला झटका दिला की गळ चाळीस पावलं लांब पाण्यात. बूट कोरडेच. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि त्यांचा पिच्छाच पुरवला. शेवटी वैतागून त्यांनी मिरजेच्या स्टेशनासमोरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानाचा पत्ता दिला. बदलून गेलेल्या रेल्वेच्या साहेबांच्या वस्तू तिथं यायच्या.

दुकानदार पान चघळत बसला होता. त्यानं टोपीच्या खोक्यातून दोन रिळं काढून माझ्यापुढं ठेवली. पहिलं उभट, तोंडाशी तारेची कडी असलेलं. त्याची कांडी फिरतच नाही, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तिच्यावरून नुसता सुटत जातो. दुसरं बैठं. दोन चकत्यांच्या मधे आडवी कांडी, बाजूला दोन मुठींचा दांडा. फेकताना बटण दाबून कांडी मोकळी करायची, मग गळ पुढं जातो आणि कांडी स्वतः गरगर फिरून तंगूस सोडते. तिच्यावर अंगठा टेकवून वेग धरायचा.

"ह्येला अक्कल लागत न्हाई," उभट रिळाकडे बोट करून तो म्हणाला. "आनि ह्येला अंगठा लागतो."

"म्हणजे?"

"म्हंजे अंगठ्यात अक्कल लागती."

आता मला सांगा, चार वर्षं कांड्यांत काढलेल्या माणसाला हा कांडी शिकवणार? माझं डोकं जरा लवकर तापतं. मी बैठं रीळ उचललं. त्याच्या बाजूला रुपयापेक्षा लहान एक चकती होती, ती फिरवून पाहिली तर गंजून घट्ट बसलेली.

"ही कशाची?"

"ती व्हय? ती शोभंची."

शोभेची तर शोभेची. काठीसकट घेऊन मी बाहेर पडलो. दोन्ही रिळांतलं सोपं घेतलं असतं तर पुढचे अडीच महिने सुखाचे गेले असते, हे मी आज कबूल करतो.

श्रावण लागला होता. श्रावणात मासा खायचा नाही, मग धरायचा तरी कशाला? म्हणून मी गळ लावलाच नाही. तंगुसाच्या टोकाला शिशाचा गोळा बांधला आणि पाळी सुटल्यावर चाळीमागच्या मैदानात उभा राहिलो. लोकांना वाटलं, काहीतरी खेळ आहे. मी ऐटीत काठी मागं नेली, झटका दिला. गोळा सहा पावलांवर धप्पकन पडला, पण कांडी मात्र गोळा पडल्यावरही फिरतच राहिली. भर्रर्र आवाज झाला आणि रिळातून तंगुसाच्या जटा बाहेर आल्या. गोसाव्याच्या डोक्यावर असतात तशा.

माझा खोलीतला जोडीदार शिराळ्याकडचा. नागपंचमीला गावी जाऊन नुकताच परत आला होता. तो कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"आमच्याकडं नाग बी एवढं येटोळं घालत न्हाई गड्या."

रोज हेच चाललं. दिवसा आठ तास मी गिरणीचं सूत नीट गुंडाळायचो आणि संध्याकाळी दोन तास स्वतःचा तंगूस सोडवायचो. अंगठा लवकर दाबला की गोळा पायाशी पडायचा. उशिरा दाबला की जटा. चाळीतल्या बायका पाणी भरता भरता विचारायच्या, "आवं, आज किती मासं घावलं मैदानात?" मी ओठ आवळून गुंता सोडवत बसायचो.

मग मी तो शहाणपणा केला जो गिरणीतला माणूसच करील. आमच्याकडे काहीही अडलं, अडखळलं, कुरकुरलं की एकच औषध असतं, तेल. गरगर फिरणाऱ्या चात्यांना घालतात ते पाण्यासारखं पातळ तेल मी कुपीतून आणलं आणि रिळाच्या दोन्ही टोकांना भरपूर सोडलं. कांडी अशी मोकळी झाली की फुंकर मारली तरी फिरायची. मला काय आनंद झाला! आणि दुसऱ्या दिवशीचा गुंता असा बसला की अर्धा तंगूस कापून टाकावा लागला. कांडी जास्त पळते हेच मुळात दुखणं आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी आणखी तेल घातलं.

गणपतीला घरी गेलो तेव्हा रीळ नेलं. आण्णांच्या पुढं ठेवलं, घाटावरच्या गृहस्थांचं सांगितलं, कोरडे बूट सांगितले. म्हटलं, "पाण्यात पाय घालायचाच नाही. शपथही राहते आणि उंबरही गाठतो."

आण्णांनी रीळ हातात घेतलं नाही. नुसतं वाकून बघितलं.

"साहेबाचं खेळनं हाय ह्ये. तुला येतं का टाकाया?"

मी म्हटलं, "येतंय जरा जरा."

"जरा जरा न्हाई चालत. त्या उंबराखाली एकदा टाकून दाव. मग मी येतो नदीवर. न्हाईतर पुन्यांदा ह्यो इषय काढायचा न्हाई."

आई चुलीपाशी होती, तिचं थापणं थांबलं. पुन्हा विषय काढायचा नाही म्हणजे आण्णा आता कायमचे कट्ट्यावर, हे तिलाही कळलं आणि मलाही. मी हो म्हटलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाखवायचं ठरलं. नवरात्र संपलेलं असतं, घरात मासळी शिजायला हरकत नसते, आणि नदीचं गढूळ पाणीही तोवर निवळतं.

उरलेल्या दिवसांत मी मरमर मेहनत केली. दहा वेळा टाकलं की सात वेळा गुंता यायचा. सातावरून सहावर आलो, आणि दसऱ्याची रजा लागली.

खंडेनवमीला सकाळी ओढ्यावरून आंघोळ करून आलो तर सोप्यात पूजा झालेली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन मांडतात. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, खुरपी, आण्णांचा फौजी चाकू. आणि त्या रांगेत, चाकूच्या शेजारी, माझं रीळ! त्यावर हळदीची बोटं, कुंकवाचा सडा, वर झेंडूचं फूल. नारळ अगदी त्याच्यावरच फोडलेला, आणि ते पाणी चकत्यांच्या फटीतून आत गेलेलं.

मी आईवर जे तोंड सोडलं ते आठवून अजून लाज वाटते. "मशीन आहे ते, खुरपं नाही! परवा काय टाकू मी? सगळं वाटोळं केलंस!" आईनं एकदा सोप्याच्या दाराकडे बघितलं. तिथं आण्णा विडी ओढत बसले होते. मग पदराला हात पुसत म्हणाली, "बरं बाबा, चुकलं माजं." पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, त्यामुळे मला ते उघडून पुसताही आलं नाही. दिवसभर मी धुमसत राहिलो.

दसऱ्याला सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आम्ही तिघं डोहावर गेलो. मी पुढं, नवा पांढरा शर्ट घातलेला. आण्णा काठी टेकत मागं. आई सगळ्यांत शेवटी, ती शपथ राखायला आली होती. गळाला बेडूक लावला, मनात आठवतील ते सगळे देव आठवले आणि झटका दिला.

सूंऽऽ करून तंगूस गेला. बेडूक उंबराच्या दोन हात अलीकडे पडला आणि कांडी जागच्या जागी थांबली. गुंता नाही! मी रिळाकडे बघतच राहिलो. ओढून घेतला, पुन्हा टाकला. हातभर अलीकडे. आण्णांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. तिसऱ्यांदा टाकला तो थेट उंबराच्या सावलीत, टुब्बकन.

"जमलं की रं," आण्णा म्हणाले.

त्या तीन शब्दांनी मी असा फुगलो की विचारू नका. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी आण्णांना शिकवायला लागलो. "त्याचं काय आहे आण्णा, सगळा अंगठ्याचा खेळ आहे. आम्हा गिरणीवाल्यांचा अंगठा तयार असतो. हे बघा." आणि चौथ्यांदा, अंगात होता-नव्हता तेवढा जोर लावून टाकला.

भर्रर्र! बेडूक गळातून सुटून एकटाच पलीकडे गेला. रिळातून जटा उसळल्या, मैदानात कधी झाल्या नव्हत्या एवढ्या. आणि रिळातून गुलाबी पाणी ठिबकून माझ्या पांढऱ्या शर्टावर ओघळ आले. आई पुटपुटली, "आई गं." मी खाली बघत उभा राहिलो. शर्त हरलो असंच मला वाटलं.

आण्णा जवळ आले. पहिल्यांदाच त्यांनी रीळ हातात घेतलं. कांडीच्या टोकाला बोट लावलं, वास घेतला, आणि बोट चक्क चाटून बघितलं.

"ग्वाड लागतंय," ते म्हणाले, आणि हसायला लागले. असे हसले की काठी टाकून खाली बसले, डोळ्यांतून पाणी आलं. वर्षभरात मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "आरं, तुजा अंगठा कसला! नारळाचं पानी वाळून चिकाट झालं हुतं, त्यानं कांडी धरली हुती. वल्ला तंगूस गुंडाळून गुंडाळून तू ते धुवून काडलंस. तीन डाव देवानं टाकलं आनि चवता तू!"

मलाही हसू आलं. काय करणार?

मग आण्णांनी बाभळीचा एक काटा मोडून आणला आणि काठावर मांडी घालून गुंता सोडवायला बसले. एकेक वेढा काट्याच्या टोकानं उचलायचा, ओढायचा नाही, फक्त सैल करायचा. हात चालू ठेवून ते फौजेतलं सांगायला लागले, जे कधी सांगत नसत. तारेचा ड्रम पाठीशी घेऊन पळायचं, तार मागं सुटत जायची. "मानूस थांबला तरी ड्रम थांबत न्हाई. त्यो पळतच ऱ्हातो, आनि तारंचं भेंडोळं पायात. मग सुभेदार कातडी सोलायचा. म्हनून तार थांबायच्या आदी ड्रम थांबवायचा. आदी, कळलं? थांबल्यावर न्हाई." तो अडीच महिन्यांचा धडा दोन मिनिटांत मला मिळाला. मी इतके दिवस गोळा पडलेला बघून अंगठा दाबत होतो.

बोलता बोलता त्यांची नजर त्या बारक्या चकतीवर गेली. फौजी चाकूच्या मुठीनं दोन-चार बारीक ठोके दिले, पकडून पिळली, आणि चकती कुर्रर्र करत फिरली. ती आवळली की कांडी जड होते, सैल केली की हलकी.

"ही कशाची हाय म्हनाला दुकानदार?"

"शोभेची," मी म्हटलं.

"आरं लेका, ब्रेक हाय ह्यो."

नवा बेडूक लावून आण्णा उभे राहिले. पहिला डाव दहा पावलांवर पडला, पण गुंता नाही. दुसरा पंधरावर. प्रत्येक वेळी चकती केसभर सैल करत होते. त्यांच्या पायांची बोटं पाण्यापासून वीतभर होती, आणि आईची नजर त्या बोटांवरून हलत नव्हती. "आवं, पाय बगा पाय!" आण्णा मुकाट्यानं एक पाऊल मागं घ्यायचे. सातवा की आठवा डाव सावलीत पडला, आणि पाणी फुटलं.

मरळ लागला की थेट मुळ्यांकडे पळतो. आण्णा भान विसरून पुढं सरकले. तशी आईनं मागून त्यांच्या धोतराचा सोगा दोन्ही हातांनी घट्ट धरला. पुढून मरळ ओढतोय, मागून आई ओढतेय, मधे आण्णा रीळ फिरवताहेत आणि ओरडताहेत, "सोड गं! फिटंल!" "शपथ हाय!" आई ओरडायची. "पानी कुटं लागलंय मला!" शेवटी पाण्यात मी उतरलो, नव्या शर्टासकट, आणि मरळ काठावर फेकला. हातभर होता. आण्णांनी आधी तो बघितला नाही, आधी आपले पाय बघितले. खडखडीत कोरडे. ते त्यांनी आईला वर उचलून दाखवले, एक एक करून.

संध्याकाळी आई कालवण करत होती आणि मी मोरीपाशी शर्टावरचे गुलाबी डाग चोळत होतो. ते गेले नाहीतच. मी म्हटलं, "परवा तुला उगीच बोललो. पण तू ते रीळ हत्यारांत का ठेवलंस गं?"

आई हसली. "मी कशाला हात लावतीया तुज्या चक्रीला? तुजं आण्णा उठलं पहाटं. त्येनीच धुतली, त्येनीच चाकूशेजारी मांडली, आनि नारळ बी त्येनीच फोडला. मला म्हनलं, सांगू नगंस त्येला."

मी चोळायचा थांबलो. मी हरलो असतो तरी त्यांनी ते रीळ आधीच घरच्या हत्यारांत धरलं होतं. माझे डोळे भरून आले, आणि मी तोंड धुतलं, कारण मोरी समोरच होती.

मी माधवनगरला परत जाताना रीळ घरीच ठेवलं. घेवड्याखालच्या काठ्या आण्णांनी काढल्या नाहीत, वेल चांगला लागला होता. पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी मुद्दाम लवकर उठून सोप्यात गेलो. फाळ, कुऱ्हाड, विळे, चाकू आणि रीळ मांडून झालं होतं. आण्णांनी नारळ हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, खुंटीवरची आपली फौजी टोपी काढून रिळावर पालथी घातली, आणि मग नारळ फोडला.